पाचपाखाडीतील आमच्या गच्चीवरचा सौर संच : एका ठेकेदाराच्या सेवेबद्दल

ठाण्यात पाचपाखाडीला आमची अठ्ठावीस सदनिकांची जुनी इमारत आहे. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे यांच्यासाठी आम्ही गच्चीवर २० किलोवॉटचा सौर संच बसवून घेतला, त्याला वर्ष पूर्ण झाले. काम शहरातल्याच एका लहान ठेकेदाराने केले. सोसायटीचा सचिव म्हणून प्रत्येक कागद माझ्या हातून गेला असल्यामुळे सेवेबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

प्रत्यक्ष बांधणी चांगली आहे. ठेकेदाराचा माणूस डिसेंबरात, म्हणजे सावल्या सर्वांत लांब पडतात तेव्हा, दिवसभर गच्चीवर थांबला आणि पाण्याच्या टाकीची सावली सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता जिथवर पोहोचली तिथे त्याने खडूच्या रेघा मारल्या. त्या रेघांच्या आत एकही पॅनेल बसवलेले नाही. ५४० वॉटची ३७ पॅनेल काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभी केली, स्लॅबला भोक पाडले नाही, त्यामुळे वॉटरप्रूफिंग शाबूत राहिले. उन्हाळ्यात दिवसाला सरासरी ८० युनिट मिळाले. जुलैतल्या काही दिवशी मात्र २५ युनिटही झाले नाहीत आणि याची कल्पना आम्हाला आधीच दिली होती.

मात्र या ठेकेदाराची खरी पात्रता मला गच्चीपेक्षा कागदावर दिसली. इतर दोघांनी आमच्या सामाईक मीटरचा मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने त्या मीटरसाठी मान्य केलेली कमाल वीजमागणी, न विचारताच २५ किलोवॉटचे दरपत्रक दिले होते. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार छतावरील संचाची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त ठेवता येत नाही. आमचा भार १५ किलोवॉट होता. याने पहिल्याच भेटीत वीजबिल मागून तो पाहिला आणि आधी भारवाढीचा अर्ज करायला लावला. ही एक गोष्ट राहून गेली असती तर संच उभा राहून नेट मीटरवाचून, म्हणजे ग्रिडला दिलेली आणि ग्रिडकडून घेतलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरवाचून, कित्येक महिने पडून राहिला असता.

पुढे व्यवहार्यता तपासणीचा, म्हणजे संच ग्रिडला जोडता येईल का हे वीज कंपनीने पाहण्याचा, अर्ज तिच्या एका कार्यालयात अडकला. अठराव्या दिवशीही उत्तर आले नव्हते. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ही तपासणी १५ दिवसांत पूर्ण करायची असते, अन्यथा प्रस्ताव तांत्रिकदृष्ट्या व्यवहार्य मानला जातो. ठेकेदाराने नियमाचा उल्लेख आणि आवक शिक्क्याची तारीख असलेले एक पानी पत्र तयार केले आणि माझी सही घेऊन त्याच दिवशी दिले. चार दिवसांत कागद पुढे सरकले.

त्या एका पानाने मला बरेच शिकवले. आपल्या राज्याच्या २०१५ च्या अपारंपरिक ऊर्जा धोरणात १४,४०० मेगावॉटचे आणि २०२० च्या धोरणात १७,३६० मेगावॉटचे उद्दिष्ट होते. ही धोरणे महत्त्वाची आहेत यात शंका नाही, पण त्यांतला कोणताही आकडा दाखवून एखाद्या सोसायटीला कोणत्याही टेबलापुढे काही मागता येत नाही; मागता येते ते विनियमात दिवस, जबाबदार यंत्रणा आणि विलंबाचा परिणाम लिहिलेला असतो तेव्हाच. वीज अधिनियम, २००३ च्या कलम १०८ खाली राज्य शासन सार्वजनिक हिताच्या धोरणविषयक बाबींवर आयोगाला लेखी निर्देश देऊ शकते आणि कलम १८१ खाली आयोग विनियम करतो, म्हणजे धोरण नियमात उतरवण्याची वाट मोकळी आहे. शिवाय वीज हा समवर्ती सूचीतील विषय आहे, म्हणजे त्यावर केंद्राप्रमाणेच राज्यालाही कायदा करता येतो. कॅलिफोर्नियाने २०१८ साली २०४५ पर्यंतच्या स्वच्छ विजेचे उद्दिष्ट थेट कायद्यात घातले. महाराष्ट्रानेही पुढचे धोरण शासन निर्णयावर न थांबवता विधिमंडळात आणावे, असे मला मनापासून वाटते. नव्या इमारतींपुरते काहीसे असे झालेही आहे, कारण २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत सौर जलतापक किंवा छतावरील संचाची तरतूद आहे. आमच्यासारख्या जुन्या इमारती अजून स्वेच्छेवरच आहेत.

आता उणिवा. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायटीच्या सामाईक वापरासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे आमचे ३,६०,००० रुपये. दरपत्रकात ही रक्कम वजा करून किंमत दाखवली होती. प्रत्यक्षात पूर्ण पैसे आधी भरावे लागले आणि अनुदान नंतर खात्यावर आले. सर्वसाधारण सभेत दोन सभासदांनी यावरून मला धारेवर धरले आणि त्यांचे म्हणणे योग्यच होते, कारण तोपर्यंत दुरुस्ती निधीतून रक्कम वळवावी लागली होती. दुसरे असे की, पॅनेलच्या रांगांमध्ये ठेवलेली वाट फारच अरुंद आहे. धूळ पुसणाऱ्या माणसाला आडवे होऊन सरकावे लागते आणि मागच्या रांगेची कडा नेहमी मळलेलीच राहते. पहिल्या पावसाळ्यानंतर सहा बोल्टना गंज चढला. तक्रार केल्यावर ते विनामूल्य बदलून मिळाले, पण सुरुवातीलाच स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वापरायला हवे होते.

तरीही जुन्या इमारतीतल्या कोणी विचारले तर मी याच ठेकेदाराचा पत्ता देतो. करार करताना अनुदानाआधीची पूर्ण किंमत आणि रांगांमधली किमान दोन फुटांची वाट एवढ्या दोन बाबी लेखी घ्याव्यात, आणि प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून परत फिरू नये.