काशी की राजगीर? एकट्याने निघणाऱ्यासाठी

एकट्याने जायचं आणि तेही अनेक धर्मांनी आपलं मानलेल्या गावी, असं मनात आलं की पहिलं नाव जेरुसलेमचं येतं. विमानाचा खर्च आणि तिथली परिस्थिती पाहता ते तूर्त बाजूला ठेवू. आपल्याकडून, म्हणजे मुंबई-ठाण्याकडून, रेल्वेने गाठता येतील अशी दोन गावं उरतात. एक काशी, जी सगळ्यांनाच सुचते. दुसरं बिहारमधलं राजगीर, जे फार थोड्यांना सुचतं. दोन्हीकडे मी एकटा राहून आलो आहे. काशी म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला नको, तेव्हा घाट, आरती, हॉटेलांचे दर यांत शिरत नाही. एकट्या माणसाला दोन्हीकडे काय जाणवतं, तेवढंच सांगतो.

आधी काशी, कारण तिचं पारडं मुळातच जड आहे. मराठी माणसाला तिथे परकं वाटत नाही. आजचं विश्वनाथाचं मंदिर अहिल्याबाईंनी 1780 मध्ये उभं केलेलं. ब्रह्मघाट-दुर्गाघाटाच्या बाजूला मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली, आणि एकनाथांनी भागवत पूर्ण केलं ते याच गावात. पण मला काशी आवडते ती धर्म तिथे एकमेकांत गुंतलेले आहेत म्हणून. विश्वनाथाच्या कळसाचं सोनं महाराजा रणजितसिंहांनी दिलेलं, म्हणजे शीख राजाचं. पंचगंगा घाटावर वर आलमगीर मशीद, शेजारी बिंदुमाधव हे विष्णूचं मंदिर, आणि त्याच पायऱ्यांवर पहाटेच्या अंधारात कबीर आपले गुरू रामानंद यांच्या पायाखाली आले अशी परंपरा. बिस्मिल्ला खाँ लहानपणी सनईचा रियाज करायचे तो बालाजी मंदिरात. शहरातल्याच भेलूपूरला जैन तीर्थंकर पार्श्वनाथांचं जन्मस्थान. शहराबाहेर 10 किलोमीटरवर बुद्धांच्या पहिल्या उपदेशाचं सारनाथ, जिथे धमेक स्तूपाला खेटून श्रेयांसनाथांचं जैन मंदिर उभं आहे. सारनाथचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. अशोकस्तंभाचं सिंहशीर्ष पाहायचं असेल तर तेवढा वार सांभाळा.

इतकं सगळं असताना माझा कौल डळमळला तो एका अगदी बारीक वाटणाऱ्या गोष्टीमुळे. एकट्या माणसाने सामान कुणाच्या हाती द्यायचं?

विश्वनाथाच्या मंदिरात मोबाईल, पिशवी, स्मार्ट घड्याळ काहीच नेता येत नाही. शेजारी ज्ञानवापी मशीद आहे, सुरक्षा कडक आहे, त्यामुळे हा नियम समजण्यासारखा आहे आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही. चौघं मिळून गेलात तर तो जाणवतही नाही. दोघं आत जातात, दोघं बाहेर पिशव्या घेऊन थांबतात, मग आळीपाळी. एकट्याला मात्र लॉकर शोधावा लागतो. मंदिराची सोय आहे, पण गर्दीच्या दिवशी तिथेच मोठी रांग असते. मग गल्लीतला फुलवाला हाक मारतो, लॉकर फुकट, फक्त पूजेची टोपली घ्या. बेलाची पानं, झेंडूची माळ, दुधाचा छोटा कुल्हड आणि पेढे अशी टोपली हातात येते. फोन, पाकीट, घड्याळ, चपला लाकडी खणात जातात आणि लाल दोरा बांधलेली एक किल्ली मुठीत उरते.

आता त्या फोनमध्ये काय काय असतं ते आठवा. परतीचं तिकीट, पैसे, खोलीचा पत्ता, नकाशा, घरच्यांचे नंबर. रांग तासाभराची असो की तीन तासांची, तो सगळा वेळ किल्ली हाताला टोचत राहते. गाभाऱ्यासमोर उभं राहायला मिळतात दोन-तीन सेकंद आणि त्यातही अर्धं चित्त त्या खणाशी. डिसेंबर 2021 मध्ये मंदिरापासून गंगेपर्यंतचा कॉरिडॉर झाल्यापासून दारं अनेक आहेत. आत गेलो त्याच दाराने बाहेर येऊ याची खात्री नसते. बाहेर आल्यावर दुकान कुठल्या गल्लीत होतं हे विचारायला फोन नाही आणि सोबतीला माणूसही नाही. अनवाणी पायांनी तीच तीच वळणं घेत मी त्या गल्ल्यांत फिरलो. दुकान सापडलं, वस्तू जशाच्या तशा मिळाल्या, दुकानदार सज्जन होता. तरी दर्शन झालं असं काही वाटलं नाही. पुढच्या मंदिराच्या दारात गेलो की पुन्हा तोच विचार, आणि शेवटी मी बाहेरूनच हात जोडायला लागलो. इतक्या लांब येऊन बाहेरून नमस्कार, याची चुटपुट घरी आल्यावरही गेली नाही.

एकट्याची आणखीही छोटी अडचण काशीत होते. नावेत बसायचं तर भाव अख्ख्या नावेचा सांगतात, नाहीतर माणसं जमेपर्यंत थांबा म्हणतात. काही धर्मशाळा एकट्याला खोलीच देत नाहीत. निघण्याआधी फोन करून तसं स्पष्ट विचारून घेतलेलं बरं.

राजगीर हे मगधाची जुनी राजधानी राजगृह. पाच टेकड्यांच्या कुशीतलं लहानसं गाव. हिंदू, बौद्ध, जैन, मुसलमान, शीख, पाचांचंही तिथे काहीतरी आहे, आणि मला मोह पडतो तो यातलं बरंचसं पाण्याच्या रूपात आहे याचा. वैभार टेकडीच्या पायथ्याशी ब्रह्मकुंडाचे गरम झरे, थोड्या अंतरावर सूफी संत शरफुद्दीन याह्या मनेरींच्या नावाचं मखदूम कुंड, आणि जवळच गुरुद्वारा शीतल कुंड. इथले झरे गरम असताना गुरू नानकांनी हा एक थंड केला, अशी शिखांची श्रद्धा. एका सकाळी तिन्ही पाण्यांना हात लावता येतो, आणि दुपारी लंगरमध्ये बसलं की एकट्याने जेवतोय असं वाटत नाही.

ब्रह्मकुंडात उतरायचं तर वस्तू काढून ठेवाव्या लागणारच, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण गाव एवढं लहान की सगळं खोलीवर ठेवून, टॉवेल खांद्यावर टाकून आणि सुटे पैसे तेवढे जवळ घेऊन मी चालत गेलो. पाणी अंगावर घेताना मागे वळून बघावं लागलं नाही. बाकी टेकड्यांवर फोन खिशात आणि पाठपिशवी पाठीवर. तुमच्या वस्तूंचं काय करायचं, असं कुणी विचारतच नाही.

इथल्या रत्नगिरी टेकडीवर जपानी बौद्धांचा विश्वशांती स्तूप आहे, 1969 सालचा. निचिदात्सू फुजी यांच्या ज्या पंथाने तो बांधला त्याच पंथाचं मंदिर आपल्या वरळीला आहे. वर जायला 2021 पासून आठ-आठ जणांच्या डब्यांचा नवा रोपवे आहे, पण जुना चुकवू नका. त्यात एका माणसाची एकच खुर्ची. ती थांबत नाही. तुम्ही ठरलेल्या जागी पाठमोरे उभे राहायचं, खुर्ची मागून येऊन गुडघ्यांना लागते, तिथला माणूस समोरचा दांडा अडकवतो आणि पाय सुटतात. पिशवी मांडीवर, खाली खुरटं जंगल. पुढच्या खुर्चीतली आई मागे वळून मुलाला ओरडून सांगत होती, घट्ट धर. कुटुंब कितीही मोठं असो, इथे प्रत्येकजण एकटाच वर जातो. बाकी सगळीकडे ‘किती जण?’ या प्रश्नाला ‘एक’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, इथे तो प्रश्नच नाही. स्तूपाकडून खाली उतरत गृध्रकूटावर जावं. बुद्धांनी जिथे उपदेश केले तो हा कडा. संध्याकाळी केशरी-पांढऱ्या वस्त्रांतले परदेशी भिक्खू तिथे सूत्रं म्हणतात, आणि आपल्याला कुणी उठवत नाही. कितीही वेळ बसा.

वैभारवर चढताना आधी जरासंधाची बैठक म्हणतात तो दगडी चौथरा लागतो, मग जैन मंदिरं, आणि त्यापुढे सप्तपर्णी गुहा, जिथे बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर महाकश्यपांच्या अध्यक्षतेखाली पहिली धम्मसंगीती, म्हणजे भिक्खूंची परिषद, भरली. बाबासाहेबांच्या मार्गाने आलेल्या आपल्याकडच्या घरांत सारनाथइतकंच या गुहेचंही नाव निघायला हवं असं मला फार वाटतं. जैनांचे विसावे तीर्थंकर मुनिसुव्रत स्वामी यांचा जन्म राजगीरचा, आणि ठाण्यात टेंभी नाक्यावर त्यांचंच मोठं मंदिर आहे. रोज त्यावरून जाणाऱ्याला राजगीर खरं तर ओळखीचं असायला हवं. वीरायतन या जैन संस्थेतली महावीरांच्या चरित्राची दालनंही सवडीने पाहा. ती संस्था उभी करणाऱ्या आचार्य चंदनाजी मूळच्या महाराष्ट्रातल्या.

राजगीरच्या उण्या बाजू आहेत, आणि त्या लहान नाहीत. काशीला ठाणे-कल्याणहून थेट गाडी मिळते. राजगीरला मधे एकदा उतरावं लागतंच. मला सोयीची वाटली ती कल्याणहून प्रयागराजमार्गे जाणारी हावडा मेल. गयेला उतरायचं आणि पुढचं 70 किलोमीटरच्या आसपासचं अंतर बसने किंवा गाडीने. नवी मुंबईकरांनाही ट्रान्स हार्बरने ठाणे आणि तिथून कल्याण हेच सोपं पडेल. गावात संध्याकाळनंतर फारसं काही नसतं. जैन भोजनशाळेत जेवायचं तर सूर्यास्ताच्या आत. गावातल्या टांगेवाल्याशी भाव आधीच ठरवावा. आणि सप्तपर्णीची वाट एका टप्प्यानंतर खरोखर निर्मनुष्य होते, माकडं सोडली तर. दुपारच्या आत जाऊन यावं.

याच मुद्द्यावर माझ्या मावसबहिणीचं मत माझ्या उलट आहे. ती ऐरोलीहून दोन्हीकडे एकटी जाऊन आली. ती म्हणते, “दादा, तुला रिकामी वाट शांत वाटते, मला तिथे सारखं मागे बघावं लागतं. काशीत रात्री दहालाही घाटावर बायका बसलेल्या असतात, मी बिनधास्त बसते.” लॉकरचा तिला त्रास झाला नाही, कारण ती घाटावर ओळख झालेल्या नागपूरच्या काकूंबरोबर दर्शनाला गेली आणि दोघींनी आळीपाळीने पिशव्या सांभाळल्या. तिचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. पहिल्यांदाच एकट्या निघणाऱ्या बाईने तिचं ऐकावं, माझं नाही. अनोळखी माणसाशी पाच मिनिटांत ओळख करून घेणाऱ्यांनीही काशीच निवडावी. घरातल्या कुणाचे अस्थी-विधी करायचे असतील, किंवा आईवडिलांचा शब्द पुरा करायचा असेल, तर प्रश्नच उरत नाही.

पण ज्याला मुद्दाम गप्प राहायला एकट्याने जायचं आहे, त्याने निदान एकदा राजगीरचा विचार करावा असं सुचवेन. काशीतला गुंता मला आजही जास्त समृद्ध वाटतो. फक्त तो पाहताना मी सतत काहीतरी सांभाळत होतो. राजगीरला हात मोकळे होते. पुन्हा एकट्याने निघायचं झालं तर मी तिकीट गयेचंच काढेन, आणि सोबत कुणी असेल तर काशीचं.

तारखांचं तेवढं बघा. आपल्याकडे धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारशांचं वाण देतात, तर राजगीरला त्याच महिन्यात मलमास मेळा भरतो. तेहतीस कोटी देव त्या महिन्यात तिथेच मुक्कामाला असतात अशी समजूत आहे, त्यामुळे कुंडांवर पाय ठेवायला जागा नसते. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. तो काळ आणि एकूणच उन्हाळा टाळा. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे उत्तरेकडच्या गाड्या तासन्‌तास रखडतात. नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी दोन्ही गावांना बरा. राजगीरहून परतताना सिलावचं खाजं घ्यायचं असेल तर ते नालंदेच्या रस्त्यावर लागतं, गयेच्या नव्हे. म्हणून नालंदा शेवटच्या दिवसावर न ठेवता आधीच उरकून घ्या आणि खाजं तेव्हाच बांधून घ्या.