समान वेळेचा हिशेब: दादरमधील एका वकिली सल्लासेवेचा अनुभव

धाकट्या भावाच्या मुलीच्या ताब्याबाबत सल्ला घेण्यासाठी आम्ही दादरमधील एका वकीलबाईंकडे गेलो होतो. ‘आईवडिलांना निम्मा-निम्मा वेळ मिळणे हा आता कायदाच आहे’ असे कोणीतरी भावाला ठासून सांगितले होते. तो भ्रम बाईंनी दहा मिनिटांत दूर केला. अमेरिकेतील केंटकी राज्याने २०१८ मध्ये आईवडिलांना समान वेळ देणेच मुलाच्या हिताचे, असे पुराव्याने खोडता येणारे गृहीतक कायद्यात आणले. आपल्याकडे मात्र मुलाचे हित हाच निकष असून, १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे राहतो, हे त्यांनी कलम उघडून दाखवले. सरकारला कायद्यातील सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याचा पर्याय सुचवला, एवढेच.

मला अधिक पटले ते पुढचे. कालनिर्णयच्या पानावर त्यांनी पेन्सिलीने शाळा, तबल्याचा क्लास आणि बोरिवली-दादर लोकलचा वेळ मांडला, तेव्हा निम्म्या वेळेचा आग्रह भावाने स्वतःच सोडला आणि शनिवार-रविवार व निम्मी मे महिन्याची सुट्टी मागायचे ठरवले. तक्रार एकच: वेळ घेऊनही आम्हाला तासभर बाकावर बसावे लागले, आणि मसुद्याचे शुल्क वेगळे असल्याचे निघताना कळले.