शिवकाळ की प्रबोधनकाळ?

मराठी माणसाचे मन भूतकाळात प्रथम शिवकाळाकडे वळते, कारण १६७४ मध्ये रायगडावर झालेल्या राज्याभिषेकाची स्मृती आणि प्रतापगडाचे अजूनही उभे असलेले तट यांमुळे तो काळ डोळ्यांनी पाहता येतो, पायांनी चालता येतो. ती ओढ मलाही आहे. एकोणिसाव्या शतकाला असे गड नाहीत; तरीही मला तेच अधिक जवळचे वाटते. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ हे वृत्तपत्र सुरू केले, १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली, आणि ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या एकाही बाईने पाटी हाती धरली नव्हती (माझ्या पणजीचे घर त्यांपैकीच), त्या घरांपर्यंत अक्षर पोचण्याची वाट तेथून निघाली.