‘च’ काढणारी थेरपी: एकट्यासाठी उत्तम, जोडप्यासाठी जपून

‘वैयक्तिक व वैवाहिक समुपदेशन’ अशी पाटी लावलेल्या मानसशास्त्रज्ञाकडे महाराष्ट्रात गेलात, तर विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणजे आरईबीटी, घटनेपेक्षा त्यामागची आपली समजूत तपासणारी पद्धत, भेटण्याची शक्यता चांगली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये मांडली. मराठीत ती रुजवली मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी, आणि पुढे मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या ठाण्याच्या आयपीएचसारख्या संस्थांमुळे ती घराघरांत पोचली. पाटीवर दोन्ही सेवा शेजारीशेजारी असल्या, तरी दोन्हींचा दर्जा सारखाच असेल असं धरून चालू नये.

आधी वैयक्तिक. सत्र ४५ ते ५० मिनिटांचं, सुरुवातीला आठवड्याला एक. पहिल्या भेटीत माहिती घेतात, बरेच जण पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणीही देतात. गुण ० ते २७. दहा किंवा त्याहून जास्त असले की नैराश्याची नीट तपासणी हवी. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दलचा. तिथे शून्य सोडून काहीही असेल आणि समोरचा त्यावर एक शब्द न बोलता कागद फाइलला लावत असेल, तर तिथे पुन्हा जाऊ नका.

खरं काम दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात, कागदावर तीन रकाने आखून सुरू होतं. पहिल्यात घटना: ‘साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या प्रेझेंटेशनमधली चूक काढली.’ तिसऱ्यात परिणाम: धडधड, दोन रात्री झोप नाही, पुढच्या मीटिंगला रजा. मधला रकाना मुद्दाम शेवटी भरायचा, कारण तिथे समजूत येते: ‘माझी चूक व्हायलाच नको होती. झाली, म्हणजे मी नालायक.’ या ‘व्हायलाच’मधल्या ‘च’वर बोट ठेवलं जातं. इच्छेचा हट्ट झालाय हे इंग्रजीत समजावताना ‘मस्ट’वर व्याख्यान द्यावं लागतं, मराठीत एक अक्षर खोडलं की काम होतं.

मग तीन बाजूंनी उलटतपासणी. पुरावा काय? एका चुकीवरून अख्खा माणूस नालायक, हा कुठला तर्क? आणि असं मानून तुमचा फायदा काय झाला? शेवटी नवं वाक्य लिहायचं: ‘चूक होऊ नये असं मला फार वाटतं, पण तसा कायदा नाही. झाली तर वाईट वाटेल, मी मोडीत निघणार नाही.’ वाईट वाटणं इथे शिल्लक राहतं हे लक्षात घ्या. ‘सगळं छान होईल’ असं घोकवणारा आरईबीटी करत नाहीये.

चुकतं कुठे? बहुतेक वेळा पहिल्याच रकान्यात. लोक घटनेऐवजी अर्थ लिहितात: ‘साहेबांनी मुद्दाम अपमान केला.’ ‘मुद्दाम’ आणि ‘अपमान’ हे दोन्ही आपले शब्द, कॅमेऱ्यात न दिसणारे. ते तिथेच राहिले तर पुढची सगळी तपासणी भुसभुशीत पायावर होते. दुसरी अडचण जुनीच: कळतं पण वळत नाही. उतारा गृहपाठात आहे. रजा न घेता मीटिंगला बसणं, किंवा एलिस सुचवायचे तसा लाज मोडण्याचा सराव, उदाहरणार्थ बसमध्ये प्रत्येक थांब्याचं नाव मोठ्याने सांगणं. गृहपाठ न देणारी, दिला तरी पुढच्या वेळी न विचारणारी थेरपी म्हणजे पैसे देऊन मारलेल्या गप्पा. वैयक्तिक सेवेला मी दहापैकी आठ देईन. दोन कापले ते घाईसाठी. ताजं दुःख घेऊन आलेल्या माणसाशी पहिल्याच दिवशी वाद घालायचा नसतो.

आता जोडपं. तोच कागद, तेच रकाने दोघांपुढे ठेवले की तिसऱ्या मिनिटाला ऐकू येतं, ‘बघ, मॅडमपण म्हणतायत, तुझ्याच अपेक्षा अविवेकी आहेत!’ उपचाराचं हत्यार घरच्या भांडणात गेलं. एकट्या माणसाची समजूत तपासली की त्याला मोकळं वाटतं, जोडीदारासमोर तपासली की तो आरोपी होतो. आणि ‘तू वेळेवर यायलाच हवंस’मधला ‘च’ काढला तरी नवरा रोज रात्री अकराला येतोय, हा प्रश्न तसाच उरतो.

म्हणून दोघांसाठी पद्धत बदलणारा मानसशास्त्रज्ञ शोधावा. जोडप्यांवर संशोधन करणारे सिअ‍ॅटलचे मानसशास्त्रज्ञ दांपत्य जॉन आणि ज्यूली गॉटमन यांची रचना अनेक जण वापरतात: एक भेट एकत्र, मग प्रत्येकाची एकेक स्वतंत्र, मग दोघांना निष्कर्ष सांगणं, आणि त्यानंतर उपचार. सत्र ७५ ते ९० मिनिटांचं हवं; पन्नास मिनिटांत भांडण उघडतं, मिटत नाही. स्वतंत्र भेट गाळणं ही मोठी चूक. मारहाण, धाक, पैशांची कोंडी याबद्दल जोडीदाराच्या देखत कुणी खरं सांगत नाही, आणि असं काही असेल तर एकत्र सत्र धोक्याचं. तिथे बोललेल्याचा हिशोब घरी चुकता होतो. स्वतंत्र भेटीत सांगितलेलं गुपित जोडीदारापासून राखणार की नाही, हे मात्र आधीच ठरलेलं असावं, शक्यतो लेखी.

सत्रात लक्ष असतं ते वाक्याच्या सुरुवातीवर. ‘तू कधी घरात लक्षच देत नाहीस’ हा माणसावर वार. ‘मंगळवारी मी एकटीने आईंना दवाखान्यात नेलं, मी दमले, पुढच्या वेळी तू रजा काढशील का?’ ही तक्रार, आणि हिला उत्तर देता येतं. नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेली की चर्चा थांबवायची, निदान वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात मुद्दे जुळवत बसलात तर विश्रांती फुकट. ‘नंतर बोलू’ म्हणणाऱ्यानेच परत विषय काढायचा, नाहीतर ते टाळणंच झालं.

आपल्याकडे तिसरी खुर्चीही असते. ‘आईंना पण घेऊन येऊ का?’ हा प्रश्न येतोच. पहिल्या काही सत्रांत उत्तर ‘नको’ असावं. सासूबाईंचं वागणं नव्हे, त्यावर तुम्ही दोघं काय ठरवता, हा विषय आहे.

फोनवरच विचारून घ्या: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असाल तर आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक काय? जोडप्यांसाठी वेगळं प्रशिक्षण कुठे घेतलं? भेट रद्द करायची तर किती तास आधी? औषध लागलं तर कुणाकडे पाठवता? गोळ्या मानसशास्त्रज्ञ लिहून देत नाही, त्याला मनोविकारतज्ज्ञ लागतो. आणि दोघांपैकी एकाची वैयक्तिक थेरपी तिथेच वर्षभर चालू असेल, तर जोडप्यासाठी दुसरं दार ठोठवा. दुसऱ्याला तिथली खुर्ची आधीच कलती वाटते, आणि ते खोटं नसतं.