विद्यापीठाच्या नाट्य-नृत्य विभागाचा हंगाम: पास घ्यावा, पण कशासाठी?

यंदाच्या हंगामात मोठ्या रंगमंचावर दोन नाटकं, एक नृत्यसंध्या, छोट्या नाट्यगृहात विद्यार्थ्यांनी बसवलेल्या तीन एकांकिका आणि एक नाट्यवाचन आहे. पास घ्यायचा तो नृत्यसंध्येसाठी आणि एकांकिकांसाठी. मोठी नाटकं त्यात आपोआप येतात, तेवढं पुरे.

मोठ्या नाटकांचं दुखणं अभिनयात कमी आणि वास्तूत जास्त आहे. नाट्यगृह मुळात मैफलींच्या हिशोबानं बांधलेलं. बोललेला शब्द स्वच्छ ऐकू यायचा तर आवाज घुमण्याचा काळ एका सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी लागतो. वाद्यवृंदाला पावणेदोन-दोन सेकंदही शोभतात. इथे शब्दाचा स्वर सभागृहात रेंगाळतो आणि पुढच्या शब्दाचं व्यंजन त्याखाली दबतं. भरभर बोलणारं पात्र मागच्या रांगांत नुसतं गुणगुणल्यासारखं ऐकू येतं. यावर विभागानं सगळ्यांना गालाला चिकटवायचे मायक्रोफोन दिले आणि नवी अडचण ओढवून घेतली. दोन पात्रं जवळ आली की एकाचा आवाज दोन्ही माइकमध्ये शिरतो, किंचित आगेमागे पोचतो आणि पोकळ होतो. त्या क्षणी ध्वनियंत्रणेवरच्या माणसानं एक माइक खाली घ्यायला हवा. म्हणजे त्यानं संहिता समोर ठेवून वाक्यावाक्याला बोटं चालवायची, आणि एवढा सराव पहिल्या प्रयोगांपर्यंत कुणाचाच झालेला नसतो. म्हणून मोठी नाटकं दुसऱ्या आठवड्यात बघावीत. बाल्कनीखालच्या शेवटच्या चार रांगा टाळाव्यात, कारण वर टांगलेल्या स्पीकरचा थेट आवाज तिथवर पोचत नाही.

पहिल्या नाटकात विशीतली मुलं सत्तरीची पात्रं करतात. पाठीला बाक आणि आवाजात कंप एवढ्यावर म्हातारपण भागत नाही. ते दिसतं खुर्चीतून उठताना: आधी हातांचा आधार, मग वजन पुढे, मग क्षणभर थांबणं. आजोबांची भूमिका करणाऱ्यानं हे नेमकं पकडलंय, बाकीच्यांनी सुरकुत्यांवर भिस्त ठेवली आहे. दुसऱ्या नाटकाबद्दल एवढंच, की त्यात चौदा अंधार आहेत आणि प्रत्येक सुमारे वीस सेकंदांचा. जवळजवळ पाच मिनिटं प्रेक्षक काळोखात बसून सामान सरकल्याचे आवाज ऐकतात. निळसर मंद उजेडात, प्रेक्षकांदेखत, पात्रांनीच टेबल-खुर्च्या हलवल्या असत्या तर हाच वेळ नाटकाचा झाला असता. नेपथ्य बदलणाऱ्यांना कलाकारांइतक्या तालमी मिळत नाहीत, तोवर हे असंच चालणार.

नृत्यसंध्येत मात्र विभाग आपल्या घरी असतो. सहा रचना आहेत, चार विद्यार्थ्यांच्या. प्रकाशयोजनेत समोरचे दिवे जवळजवळ बंदच ठेवलेत आणि विंगांतल्या उभ्या खांबांवर तीन उंचींना दिवे लावलेत: घोट्याजवळ, कमरेशी, डोक्याच्या वर. समोरून पडणारा उजेड शरीर सपाट करतो. बाजूचा उजेड बरगड्या, पोटऱ्या, फिरणारा खांदा कोरून दाखवतो. सर्वांत खालच्या दिव्याची झडप अशी कापलेली आहे की जमिनीवर उजेड सांडत नाही, त्यामुळे उडी घेणारी नर्तकी अधांतरी वाटते. याची किंमत विंगेत मोजावी लागते. उजेडाकडे तोंड करून धावत बाहेर पडणाऱ्याला खांब दिसत नाही. तालमीत जायची-यायची वाट ठरवून खांबांना चमकती पट्टी लावावीच लागते.

जमीनही नीट आहे. खाली दबणारी लाकडी तक्तपोशी, वर व्हायनिलच्या पट्ट्या. या पट्ट्या आदल्या दिवशी उलगडून पसरून ठेवायच्या असतात. घाईत अंथरून लगेच चिकटवल्या तर दिव्यांच्या उष्णतेनं फुगवटे येतात आणि गिरकीत पाय अडतो. एक फुगवटा डाव्या विंगेजवळ दिसतो, पण नर्तक तिथं गिरकी घेत नाहीत, म्हणजे त्यांनाही तो माहीत आहे. (अमेरिकेत नृत्याचा पहिला पदवी अभ्यासक्रम १९२६ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात निघाला तो स्त्रियांच्या शारीरिक शिक्षणातून. कित्येक विभागांच्या तालमी अजूनही व्यायामशाळेच्या टणक जमिनीवर होतात आणि नडग्या दुखतात, त्यामागे हा जुना वारसा आहे.)

सगळ्यात कुतूहलाची रचना लाबानच्या नृत्यलिपीवरून उभी केलेली. रुडॉल्फ लाबाननं ही पद्धत १९२८ साली प्रसिद्ध केली. लिपी खालून वर वाचायची. मधली उभी रेघ म्हणजे शरीराचा मध्य, तिच्या दोन्ही अंगांना डावा-उजवा भाग. चिन्हाचा आकार दिशा सांगतो, आतली छटा उंच-मध्यम-नीच पातळी, आणि लांबी म्हणजे लागणारा वेळ. विद्यार्थ्यांनी पावलं आणि मात्रा चोख पाळल्यात. पण हालचाल श्वासावर सुरू होते की झटक्यानं, हे असा कागद क्वचितच पुरतं सांगतो. मूळ परंपरेत नाचलेल्या माणसाचा हात फिरला असता तर कडा मऊ झाल्या असत्या. तरीही तिकीट या एका रचनेसाठीसुद्धा काढावं.

चूक क्रमवारीत आहे. तेच पाच नर्तक दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या रचनेत आहेत. शेवटच्या रचनेत उड्या खाली येताना ऐकू यायला लागतात. टाच आधी टेकते, गुडघा उशिरा वाकतो. ती रचना मध्यंतरानंतर लगेच घेतली असती तर पायांना विश्रांती मिळाली असती. नृत्य बघायला वर, बाल्कनीच्या पुढच्या रांगेत बसावं. जमिनीवरच्या आकृत्या खालून कळतच नाहीत.

एकांकिका छोट्या नाट्यगृहात, म्हणजे नव्वद खुर्च्यांच्या काळ्या खोलीत होतात आणि प्रत्येक वेळी खुर्च्यांची मांडणी बदलते. तिसऱ्या एकांकिकेत प्रेक्षक तीन बाजूंना आहेत. अशा मांडणीत पात्रं कोपऱ्यांतून तिरकी उभी राहिली तर कुणा ना कुणाला चेहरा मिळतो; दिग्दर्शिकेनं ते ओळखलंय आणि दर दोन-तीन मिनिटांनी उभं राहण्याच्या जागा फिरवल्यात. माइक नाही, पडदा नाही, आणि कुजबुजसुद्धा शेवटच्या खुर्चीपर्यंत येते. मोठ्या रंगमंचावर अडखळणारा तोच नट इथे ऐकावासा वाटतो. मधल्या बाजूची दुसरी रांग उत्तम.

प्रेक्षकांच्या सोयी बऱ्या, माहिती अपुरी. धूर आणि लखलखणाऱ्या दिव्यांची सूचना फक्त दाराशी चिकटवलेली असते. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारा उजेड अपस्माराच्या काही रुग्णांना त्रासदायक ठरू शकतो, तेव्हा ही सूचना तिकीट काढतानाच दिसायला हवी. सभागृहात मंद उजेड ठेवून, आवाज उतरवून, मध्येच बाहेर जायची मुभा देऊन केलेला एक प्रयोग प्रत्येक मोठ्या नाटकाचा होतो. लहान मुलांना किंवा गोंगाट न सोसणाऱ्यांना घेऊन जायचं तर तोच निवडावा. उशिरा आलेल्यांना पहिल्या प्रवेशानंतर आत सोडतात, काळ्या खोलीत मात्र अजिबात नाही, कारण दार थेट रंगभूमीवर उघडतं.

नाट्यवाचनाला पास लागत नाही. नट स्टँडवर संहिता ठेवून वाचतात, एक जण रंगसूचना वाचतो. सूचना लांबल्या की संवादाची लय तुटते, आणि इथं त्या लांबल्याच. नंतरच्या चर्चेत लेखकाला प्रश्न विचारता येतात. "कुठे कंटाळा आला" हे तिथं सांगितलेलं त्याला हवंच असतं.