बुडबुड्यांच्या नावाखाली 48,000 रुपये

नाशिक, त्र्यंबक, इगतपुरी या पट्ट्यात ज्यांच्या होमस्टेला किंवा फार्महाऊसवर हॉट टब आहे, त्यांनी हे जरूर वाचावं. जेटमधून बुडबुडे येईनासे झाले आणि कोणी ‘ब्लोअर (पाण्यात हवा फुंकणारी मोटर) बसवा’ म्हणालं, तर पैसे देण्याआधी काय बघायचं ते आम्हाला फार उशिरा कळलं. आमची फसवणूक झाली, ती अगदी ठरवून केलेली होती. ती कशी केली हे सविस्तर सांगते, म्हणजे तुमच्याकडे तसं काही बसवलेलं असेल तर ओळखू येईल.

गिरणारे रस्त्याला आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. थंडीत मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात ते द्राक्षबागा आणि गंगापूर धरणाचा परिसर बघायला, आणि संध्याकाळी त्यांना गरम पाण्याचा टब हवा असतो. ऐन हंगामात जेटचे बुडबुडे बंद पडले. पाणी जोरात येत होतं, गरमही होत होतं, फक्त हवा नव्हती. ओळखीतून एका ‘स्पा टेक्निशियन’चा नंबर मिळाला. त्याने येऊन बाजूचं पॅनल उघडलं, बराच वेळ आत डोकं घालून बघितलं आणि म्हणाला, “ताई, हे जेट जुन्या पद्धतीचे आहेत. आता ब्लोअरशिवाय बबल येणार नाहीत. माझ्याकडे दीड एचपीचा इम्पोर्टेड आहे.” 30,000 आगाऊ आणि उरलेले काम झाल्यावर. यूपीआयवर पैसे गेले ते भलत्याच नावाच्या खात्यात. बिलावर एवढंच: ‘बबल सिस्टीम, 1 नग’. जीएसटी क्रमांक नाही, कंपनी नाही, मॉडेल नाही.

काम झालं त्या दिवशी बुडबुडे खरंच आले. पण ते आधीसारखे टपोरे नव्हते. सगळं पाणी पातळ ताकासारखं पांढरं दिसायचं. पाहुण्यांना आवडलं. मग पंप घरघरायला लागला, जेटचा जोर कमी झाला, हीटर मधेच ट्रिप व्हायला लागला आणि शेवटी पंपाखाली पाणी ठिबकायला लागलं. त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, “तुमचं बोअरचं पाणी जड आहे, त्याचा त्रास आहे.” त्यानंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं.

अंबडला पंप रिवाइंडिंग करणारे एक काका आमच्या विहिरीची मोटर बघतात. त्यांना बोलावलं. त्यांनी आधी वीज बंद केली, मग ब्लोअर म्हणून बसवलेला काळा डबा हातात घेतला आणि लगेच म्हणाले, “ताई, दीड एचपीचा ब्लोअर एवढा हलका असतो का?” चार स्क्रू काढले. आत माशांच्या टाकीला लावतात तसला छोटा हवेचा पंप होता, भिंतीला चिकटवतात त्या दुहेरी टेपने तळाला चिकटवलेला. त्यातून निघालेली बारीक नळी जेटकडे जातच नव्हती. ती पंपाच्या आधीच्या, म्हणजे सक्शनच्या पाइपला भोक पाडून बसवलेल्या पितळी निपलवर खोचली होती.

बुडबुड्यांचं रहस्य ते होतं. त्याने थेट पंपाच्या तोंडात हवा सोडली होती. पंपाचा इंपेलर, म्हणजे आतलं फिरणारं चाक, त्या हवेचे बारीक तुकडे करतो, म्हणून पाणी दुधाळ दिसतं. पण पंप पाणी ढकलण्यासाठी बनवलेला असतो. सक्शनमध्ये हवा शिरली की त्याची पकड सुटते, सील कोरडं घासून तापतं आणि हीटरमध्ये हवा साठली की एलिमेंट पाण्याबाहेर उघडं पडून जळू शकतं. आमचं सील गेलं, हीटर थोडक्यात वाचला.

याहून मोठा संताप मला वायरिंगचा आला. डब्याला दोनच तारा, अर्थिंग नाही. ती वायर टबाच्या आरसीसीबीवरून (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) न घेता व्हरांड्यातल्या एक्स्टेंशन बोर्डवरून आणलेली. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी टबाला लावतात तो पाण्यात बसलेल्या माणसाचा जीव वाचावा म्हणून. आमचे पाहुणे, त्यांची लहान मुलं त्या पाण्यात बसत होती. पैसे गेले ते गेले, पण याबद्दल मी त्या माणसाला कधीही माफ करणार नाही.

मूळ बिघाड काय होता, तेही काकांनीच शोधलं. जेटमध्ये हवा यायला मोटर लागतेच असं नाही. आमचे जेट व्हेंचुरीवर चालतात. पाणी अरुंद नोझलमधून जोरात निघतं तेव्हा तिथला दाब कमी होतो आणि पाण्याच्या वर उघड्या असलेल्या नळीतून हवा आपोआप खेचली जाते. इटलीच्या व्हेंचुरी यांनी अरुंद नळीतल्या प्रवाहाचे प्रयोग 1797 मध्ये छापले, त्यांचंच नाव याला पडलं. टबाच्या कडेवर फिरवायची जी बटणं असतात ती याच हवेच्या नळीची. आमच्या सगळ्या जेटना हवा देणारा पाइप पॅनलच्या मागे वर येऊन संपतो. टब बसवला तेव्हाचा फोटो आमच्याकडे आहे. त्यात या पाइपचं तोंड उघडं आणि खाली वळवलेलं स्पष्ट दिसतं. आता तिथे पीव्हीसीची एंड कॅप होती, कडेने सोल्युशनचा ताजा ओघळ. काकांनी पाइप करवतीने कापला. आत मातीचा कडक बोळा, त्यात छोटे छोटे कप्पे. कुंभारीण माशीने घर केलं होतं.

म्हणजे त्या माणसाला खरा बिघाड पहिल्याच दिवशी दिसला होता. काडीने माती काढली असती तर बुडबुडे परत आले असते. त्याने त्यावर टोपण चिकटवलं, म्हणजे दुसऱ्या कोणाला ते सापडू नये. काकांनी पाइप साफ केला, नवा बेंड लावला, तोंडाला बारीक जाळी बांधली. सक्शनचं भोक तसं न बुजवता पाइपचा तेवढा तुकडाच बदलला. पंप सुरू केला तेव्हा माझा तळहात पाइपच्या तोंडावर होता, तो आत ओढला गेला. ही परीक्षा कोणालाही करता येते: पंप चालू, बटण उघडं, आणि पाइपच्या तोंडाशी ओला कागद धरा. चिकटून बसला तर व्हेंचुरी जिवंत आहे. नाही चिकटला तर नळी तुंबली असेल, फिल्टर घाण होऊन प्रवाह कमी झाला असेल किंवा नोझलमध्ये क्षार साचले असतील. तळाच्या जेटमध्ये हवा जरा कमीच येते, कारण वरच्या पाण्याचा दाब तिथे जास्त असतो. तो बिघाड नव्हे.

ब्लोअर ही वस्तू खोटी नाही. ज्या टबात बसायच्या जागेला आणि तळाला बारीक भोकं असतात, तिथे तोच लागतो, कारण तिथे हवा खेचणारं पाणीच नसतं. पण खरा ब्लोअर चांगलाच आवाज करतो, त्याला दीड-दोन इंची पाइप जोडलेला असतो, तो पाइप पाण्याच्या पातळीच्या वरून वळसा घेऊन खाली येतो आणि मधे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, म्हणजे मोटर बंद झाल्यावर पाणी उलटं तिच्यात जात नाही. बारीक नळी दिसली तर तो ब्लोअर नव्हे, डब्यावर काहीही छापलेलं असो. शिवाय तो बाहेरची हवा ढकलतो. डिसेंबरात नाशिकला रात्री जी हवा असते ती पाण्यात गेली की पाणी भराभर थंड होतं आणि वीजबिल वाढतं. आमच्यासारख्यांना व्हेंचुरी पुरते, असं माझं ठाम मत झालं आहे. पाठीला जो दाब जाणवतो तो पाण्याच्या प्रवाहाचा. हवा फक्त तो पसरवते. एकाने आम्हाला पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर जोडायचाही सल्ला दिला होता. ते कदापि करू नका. त्याचा दाब या पाइपांच्या कितीतरी पट जास्त असतो आणि हवेबरोबर तेल येतं.

आता तक्रारीचं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन करून नोंद केली, त्या माणसाला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. अर्जासोबत यूपीआयच्या नोंदी, ते बिल, टब बसवतानाचा जुना फोटो आणि डबा उघडतानाचा व्हिडिओ जोडला आहे. निकाल अजून यायचा आहे.

नवं काम देताना बिलावर मॉडेल, वॉट आणि जीएसटी क्रमांक लिहून घ्या. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक 27 ने सुरू होतो आणि पोर्टलवर टाकला की धंद्याचं नाव दिसतं. तुमच्याकडे असा काळा डबा आधीच बसवलेला असेल, तर आज टब वापरू नका. घराचा मेन स्विच बंद करा, पॅनल उघडा, नळी कुठे जाते ते बघा. आणि काहीही काढायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. नळी एकदा उपटली की ती कुठे जोडली होती हे आयोगापुढे दाखवायला तुमच्याकडे काही उरत नाही.