गावच्या वाचनालयाचे कार्यक्रमपत्रक: शंभर रुपयांची वर्गणी भरावी का?

गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावचे वाचनालय दर महिन्याच्या अखेरीस पुढील महिन्याचे कार्यक्रमपत्रक काढते. फिकट पिवळ्या कागदावर दोन्ही बाजूंनी छापलेल्या या एका पानात परिसरातील शाळा, देवस्थाने, पंचायती, युवक संघ, महिला मंडळे आणि सरकारी कलासंस्था यांचे मुलांना व कुटुंबांना जाण्याजोगे कार्यक्रम दिलेले असतात. वर्षाला शंभर रुपये वर्गणी भरली की पत्रक पेपरवाल्याबरोबर घरी येते आणि मध्येच काही बदल झाला तर व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश मिळतो. वर्गणी न भरणाऱ्यांसाठी तेच पत्रक वाचनालयाच्या फलकावर, बसथांब्यावर आणि उच्च माध्यमिक विद्यालयासमोरच्या भाजीपावाच्या हॉटेलात काचेच्या कपाटाशेजारी चिकटवलेले असते. आमच्या घरी एक मुलगी नववीत आणि एक मुलगा पाचवीत आहे. ही सेवा आम्ही गेली काही वर्षे घेत आहोत, त्यामुळे नव्याने वर्गणी भरू पाहणाऱ्या पालकांसाठी तिचे मूल्यमापन लिहिणे मला उचित वाटले.

कार्यक्रमांची माहिती मिळण्याची गोव्यात तशी वानवा नाही. वर्तमानपत्रांत निवेदने येतात, शाळेच्या वहीत सूचना येतात, आणि पालक-शिक्षक संघाच्या गटावर तर एकच निमंत्रण चार वेळा येते. अडचण अशी की ही सारी माहिती आयोजकांच्या सोयीने लिहिलेली असते. प्रमुख पाहुणे कोण, अध्यक्षस्थान कोण भूषवणार, दीपप्रज्वलन कोणाच्या हस्ते होणार हे तिच्यात सविस्तर असते, परंतु कार्यक्रम किती वाजता संपेल, प्रवेशिका कोणत्या तारखेपर्यंत द्यायची आणि नवव्या इयत्तेतील मुलीला एकटीने परत येता येईल का, हे मात्र कोठेही नसते. आमच्या पत्रकाने नेमकी हीच बाजू उचलली आहे. प्रत्येक नोंदीत कार्यक्रमाची वेळ आणि स्थळ यांच्यासोबत संपण्याची अंदाजे वेळ, नावनोंदणीचा शेवटचा दिवस, वयोगट आणि परतीच्या बसची सोय दिलेली असते. पाहुण्यांची नावे बहुधा गाळलेली असतात, आणि त्याबद्दल संपादकांना काही मंडळींचा रोष पत्करावा लागला असणार, असा माझा कयास आहे.

फोंड्याच्या राजीव गांधी कलामंदिरात संध्याकाळचे बालनाट्य असेल, तर प्रयोग संपल्यावर फोंडा बसस्थानकापर्यंत चालत जाऊन आमच्या बाजूची शेवटची बस मिळेल की नाही, हे पत्रकात स्पष्ट लिहिलेले असते. बस मिळणार नसेल, तर 'खाजगी वाहनाची सोय असल्यासच जावे' असा सरळ शेरा असतो. पणजीच्या कला अकादमीतील कार्यक्रमांना हा शेरा जवळजवळ नेहमीच पडतो, कारण कंपालहून कदंब बसस्थानक गाठून फोंड्याकडे परतायचे म्हटले तर मध्यंतरातच उठावे लागते. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडी बेटावर बोंदेरा असतो. वाड्यांच्या हद्दींवरून पूर्वी झालेल्या भांडणांची आठवण म्हणून झेंडे घेऊन निघणारी ती मिरवणूक मुलांना फार आवडते. तिच्या नोंदीत जुने गोवे येथील धक्क्यावर दुपारनंतर फेरीबोटीसाठी रांग लागते, म्हणून वाहन अलीकडेच ठेवून पायी फेरीत चढावे, असे सुचवले होते. आम्ही तसेच केले आणि मोटारींच्या रांगेत अडकलेल्या ओळखीच्या कुटुंबांच्या आधी तासभर तिथे पोहोचलो.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचा अंक हा वर्षातील सर्वांत भरगच्च अंक असतो आणि पत्रकाचा खरा कस त्यातच लागतो. गणपतीच्या वर रानातील फळाफुलांनी सजवून टांगलेल्या चौकटीला माटोळी म्हणतात; कला व संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेसाठी आगाऊ नाव द्यावे लागते आणि परीक्षक घरोघरी येतात. ही मुदत चुकली की रानात हिंडून जमवलेली कांगलां, सुपारीचे घड आणि तोरंजने केवळ घरच्यांनी पाहायची, असे होते. पत्रकात ही मुदत ठळक चौकटीत असते. त्याच्याच खाली फोंडा बाजारात माटोळीचे सामान कधीपासून येते आणि कोणती वनफळे हल्ली दुर्मीळ झाल्यामुळे तोडू नयेत, यावर चार ओळींचे टिपण असते. रानातून सामान आणण्याचे काम बहुतेक घरांत चौदा ते अठरा वयाची मुलेच करतात, त्यामुळे त्या चार ओळींना मी स्पर्धेच्या नोंदीइतकेच महत्त्व देते.

घुमट या एका तोंडाला कातडे ताणलेल्या मातीच्या वाद्याच्या साथीने म्हणतात त्या घुमट आरतीच्या सरावाची नोंदही अशीच अभ्यासपूर्ण होती. घुमट हे 2019 साली गोव्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित झाले आणि त्यानंतर शाळाशाळांत त्याचे वर्ग निघाले, परंतु वर्गासाठी वाद्य स्वतःचे आणायचे की तिथे मिळते, याचा उल्लेख शाळांच्या सूचनांत क्वचितच असतो. पत्रकात तो होता. शिवाय घोरपडीच्या कातड्याचे जुने घुमट घरी असल्यास ते सरावाला आणू नये, घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि आता बकऱ्याचे कातडे वापरतात, हेही स्पष्ट केले होते. देवळाच्या सभामंडपातील त्या सरावाला माझी मुलगी जाऊ लागली. शामेळ (काठ्यांनी वाजवायचे तालवाद्य) आणि कासाळें (झांजा) यांच्या मेळात घुमटावरची तिची थाप पहिल्या आठवड्यात पार विस्कटत असे, कारण डाव्या हाताने मागचे तोंड केव्हा झाकायचे आणि केव्हा उघडायचे हे तिला उमगत नव्हते. शिकवणारे गुरुजी तिला 'बाये, हाताक घाई नाका' म्हणत पुन्हा पहिल्या आरतीपासून सुरू करीत. मुलींनाही प्रवेश आहे, हे पत्रकात लिहिले नसते तर तिने तिकडे जाण्याचा विचारही केला नसता, असे ती स्वतः सांगते.

शालेय कार्यक्रमांच्या नोंदींबद्दल मात्र माझे मत संमिश्र आहे. 2025 पासून सहावीपासूनचे बहुतेक वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागल्याने शिबिरे, छंदवर्ग आणि पोहण्याचे वर्ग यांचे पूर्वीचे गणित बदलले. हा बदल पत्रकाने लगेच टिपला आणि एप्रिलच्या अंकात कोणत्या इयत्तेला कोणते शिबिर जमेल याचा छोटा तक्ता दिला. वक्तृत्व, निबंध, विज्ञान प्रदर्शन, स्नेहसंमेलन, पारितोषिक वितरण या नेहमीच्या नोंदीही वेळेवर येतात. कला अकादमीच्या भजनी स्पर्धेत बालकलाकारांचा वेगळा विभाग असतो, त्याची सूचना तर पथके बसवायला पुरेसा अवधी राहील इतकी आधी आली होती. मिरामारच्या गोवा विज्ञान केंद्राचे आणि पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाच्या बालविभागाचे उपक्रमही पत्रकात असतात. 1832 साली सुरू झालेल्या त्या ग्रंथालयात केवळ जुने दप्तर पाहायला जायचे असते, असा आमच्या भागातील बऱ्याच पालकांचा समज होता, तो पत्रकामुळे दूर झाला.

संमिश्र मताचे कारण वयोगटात आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी पत्रकात भरपूर असते आणि आईवडिलांसाठीही असते, परंतु चौदा ते अठरा वयाची मुले त्यात प्रामुख्याने स्वयंसेवक किंवा प्रेक्षक म्हणूनच येतात. खुर्च्या मांडणे, पाण्याचे पेले भरणे आणि रहदारी आवरणे यासाठी 'युवकांनी सहकार्य करावे' असे लिहिलेले असते. त्यांच्या आवडीचे कार्यक्रम गावात होत नाहीत, असे नव्हे. पावसाळा ओसरला की सात-सात खेळाडूंच्या फुटबॉल स्पर्धा सुरू होतात, वाड्यावाड्यांवर दिवाळीच्या पहाटे जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्यासाठी बांबूंची जुळवाजुळव होते, आणि नोव्हेंबरमध्ये पणजीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. परंतु फुटबॉलच्या स्पर्धा पत्रकात अर्ध्याच येतात. नरकासुराविषयी तर गेल्या वर्षी ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद ठेवावेत, एवढी एकच सूचना होती. ती सूचना आवश्यक होती यात शंका नाही आणि त्या रात्री ती किती पाळली जाते हे आपण सारे जाणतोच. तरीही पंधरा वर्षांच्या मुलाला सांगाडा बांधायला कोण शिकवील, वर्गणी कोणाकडे द्यायची आणि सहामाही परीक्षेचे वेळापत्रक त्या आठवड्यात आडवे येते का, हे सांगणारी नोंद त्याला अधिक उपयोगी पडली असती. याच मुलांकडे बहुधा स्वतःचा फोन नसतो किंवा असला तरी असले संदेश ती उघडत नाहीत, त्यामुळे सेवेचा सशुल्क भाग थेट त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यांना जे कळते ते भाजीपाव खाताना त्या काचेच्या कपाटाशेजारच्या कागदावरून कळते, आणि तो कागद तेलाने माखून महिन्याच्या मध्यावरच वाचेनासा होतो.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. आमच्या पंचायतीच्या हद्दीत ख्रिस्ती कुटुंबांचे दोन वाडे आहेत, तिथे कपेलाचे (छोट्या प्रार्थनामंदिराचे) फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव, असते, सांजांवाला, म्हणजे संत जॉनच्या पावसाळी सणाला, विहिरीवर मुलांचा मेळा जमतो, शाळकरी मुलांचे तियात्र, म्हणजे कोंकणी संगीतनाट्य, बसते. यापैकी पत्रकात फारच थोडे येते. संपादकांचा त्यामागे काही हेतू असावा असे मला वाटत नाही, कारण त्या वाड्यांवरील निमंत्रणे रोमी लिपीतील कोंकणीत निघतात आणि वाचनालयापर्यंत येत नाहीत, एवढेच त्याचे कारण दिसते. तथापि माझ्या मुलीच्या वर्गातील निम्म्या मैत्रिणी त्याच वाड्यांवरच्या आहेत. कार्यकारिणीतील एका सदस्याने महिन्यातून एकदा कपेलाच्या फलकाकडे फेरी मारली तरी हे काम होण्यासारखे आहे.

बदलांच्या संदेशांबाबत एक प्रसंग नमूद करणे भाग आहे. जुलैमध्ये अतिवृष्टीचा इशारा आल्यामुळे शाळांना सुट्टी जाहीर झाली आणि त्या दिवशीची आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा पुढे ढकलली गेली. पत्रकाचा संदेश आम्ही भिजत सभागृहाच्या दारात पोहोचल्यानंतर आला. तिथे आमच्यासारखीच आणखी पाच-सहा कुटुंबे कुलूपबंद दारापुढे उभी होती, आणि भाषण पाठ करून आलेला एक मुलगा आपल्या आजोबांना पायरीवरच ते म्हणून दाखवत होता. वाचनालयात विचारणा केली असता, संदेश पाठवण्याचे काम एकाच व्यक्तीकडे असून ती नोकरीवर होती, असे उत्तर मिळाले. ते उत्तर प्रामाणिक होते, पण वर्गणी घेणाऱ्या सेवेला ते शोभणारे नाही. पावसाच्या चार महिन्यांत तरी हे काम दोघांकडे असायला हवे. त्यानंतर संदेश वेळेवर येऊ लागले आहेत, हेही सांगितले पाहिजे. संदेश गटावर न येता प्रत्येकाला स्वतंत्रपणे येतात, त्यामुळे कोणाचा क्रमांक कोणाला दिसत नाही आणि सुप्रभाताच्या चित्रांचा त्रासही होत नाही.

छपाई साधी पण वाचनीय आहे. मुद्रणदोष आढळतात, परंतु तारखांमध्ये चूक झालेली मला अद्याप आढळलेली नाही. मागच्या पानावरील जाहिराती शिकवणी वर्गांच्या आणि मंडप-डेकोरेशनवाल्यांच्या असतात. त्या थोड्या कमी झाल्या तर अक्षर मोठे करता येईल, कारण सध्याचा ठसा आमच्या सासूबाईंना चष्मा लावूनही वाचता येत नाही, आणि नातवंडांना कार्यक्रमाला नेण्याचे काम बहुतेक घरांत आजी-आजोबाच करतात.

बारा वर्षांच्या आतील मुले असलेल्या घरांनी ही वर्गणी निःसंकोच भरावी, असे माझे मत आहे. बस चुकल्यामुळे फोंड्याहून एकदा रिक्षाने परतावे लागले तरी शंभर रुपयांहून अधिक जातात. ज्यांची मुले दहावी-बारावीत आहेत त्यांनी तूर्त फलकावरचे पत्रक पाहावे आणि वाचनालयाकडे फुटबॉल, नाट्यपथके व नरकासुर यांच्या नोंदींचा आग्रह धरावा. सूचनापेटी दारातच उजव्या हाताला आहे आणि महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत आलेल्या सूचना पुढच्या अंकासाठी विचारात घेतल्या जातात. आमच्या मुलीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी तियात्राच्या तालमींची माहिती स्वतःच लिहून पेटीत टाकली होती. ती दिवाळीच्या अंकात छापून आली आहे, मात्र त्यात तालमीची वेळ आहे आणि परतीच्या बसचा उल्लेख राहून गेला आहे.